दीडशे सेंटिमीटरचा पट्टा

आमच्या सोकोरोची पहिली कम्युनियन झाली, त्या वर्षी हे सगळं सुरू झालं. तिचा पांढरा झगा मीच शिवला होता. चर्चमध्ये जायच्या आदल्या आठवड्यात तो दोन बोटं आखूड झाला, म्हणून पुन्हा उसवला आणि खालची दुमड सोडली. दहा वर्षांची पोर, पण आईबाप दोघांपेक्षा उंच. फोटो आहे अजून. मध्ये ती, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा बाप. बघणाऱ्याला वाटावं, पोरीनंच आम्हा दोघांना हाताला धरून चर्चमध्ये आणलंय. ते साल १९८१. त्याच वर्षी आमच्या तोरेओन शहरात बुटक्या पैलवानांच्या अजिंक्यपदाचा पट्टा निघाला.

माझा नवरा फेलिसियानो. सगळे त्याला चानो म्हणत. उंची एकशे बावीस. माझी एकशे अठरा. रिंगमध्ये तो मुखवटा घालून उतरायचा आणि त्याचं नाव असायचं ग्रिलो, म्हणजे रातकिडा. हिरवा मुखवटा, कपाळावर दोन मिशा. तो मीच शिवायची. एरिनातल्या सगळ्याच पैलवानांचे मुखवटे, चड्ड्या, पाठीवरच्या झुली माझ्याकडे यायच्या. थोराड पैलवानांची मापं घ्यायला मी सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उभी राहायची आणि ते बिचारे हात वर करून, श्वास रोखून उभे राहायचे. मला तेव्हा अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते, कारण ते टेपवर असतात. म्हणून माझ्या वहीत प्रत्येकाचं चित्र असे आणि पुढं मापं. चानोच्या जागी रातकिडा, दुसऱ्या कोणाच्या जागी बैलाचं डोकं, कोणाच्या जागी चांदणी. वही माझ्याशिवाय कोणाला वाचता यायची नाही.

पट्ट्याआधी आमच्या माणसांचं काय चालायचं ते सांगते. चानो अकरा वर्षांचा असताना गमतीच्या बैलझुंजीच्या तांड्यात शिरला. बुटक्यांना आग विझवणाऱ्यांचे कपडे घालायचे, मैदानात वासरू सोडायचं, वासरानं ढुशी दिली की पडायचं आणि पडताना चड्डी सुटली पाहिजे. लोक पोट धरून हसायचे. पुढं तो कुस्तीत आला तरी फार फरक पडला नाही. मोठ्यांच्या दोन कुस्त्यांच्या मध्ये आमच्या माणसांना सोडायचे. पंचाच्या पायांतून पळायचं, एकमेकांच्या ढुंगणाला चावायचं आणि शेवटी चड्डी सुटायचीच. चानोला पकडी यायच्या, खरे डाव यायचे. पण पकड लावली की लोक ओरडायचे, आटप रे, चड्डी सोड.

साल्तियोचा फिलेमोन चानोचा दोस्त, आणि आमच्या सोकोरोचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कंपाद्रे म्हणायचे. तो काळी मुंगी म्हणून लढायचा. ते दोघं एकदा कपडे करून, केस ओले करून विंचरून एरिनाचे मालक डॉन वेन्चो यांच्याकडे गेले. मलाही बरोबर नेलं, कारण डॉन वेन्चो बाईमाणसासमोर शिव्या देत नसत. आम्हाला पट्टा द्या, असं त्यांनी मागितलं. डॉन वेन्चो आधी हसले. मग म्हणाले की पट्टा असला तर पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापता येईल, आणि लगेच कुस्ती कमिशनच्या डॉक्टर बारासांना फोन करून बोलावून घेतलं, कारण अजिंक्यपदाचे नियम कमिशनच्या सहीनंच व्हायचे.

नियम आमच्यासमोरच ठरले. तीन फेऱ्या, दोन जिंकेल त्याचा पट्टा. सुरुवातीला हात मिळवायचे. मोठ्यांच्या पट्ट्याच्या कुस्तीला जो गंभीर पंच असतो तोच इथंही. शेवटचा नियम फिलेमोननं सांगितला आणि तो लिहून घेतल्याशिवाय तो खुर्चीवरून उतरेना.

"पट्ट्याच्या कुस्तीत कोणाचीही चड्डी सुटणार नाही," तो म्हणाला. "लिहा, डॉक्टर. अगदी असंच लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की बुटका कोणाला म्हणायचं आणि कोणाला नाही, हे ठरवायचं कसं? उंचीचा आकडा पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण टेप माझ्या गळ्यात होती. मी ती काढली, दाराच्या चौकटीला लावली, खालपासून वरपर्यंत ताणली आणि म्हणाले, दीडशे. का? तर टेप तिथं संपते. शिंप्याची टेप दीडशेचीच असते. आमच्यातला सर्वांत उंच माणूस एकशे चौतीस होता, त्यामुळं दीडशे म्हणजे आकाशच. डॉक्टरांनी आकडा लिहिला, खाली सही केली. माझ्या तोंडून सहज निघालेला आकडा कमिशनच्या कागदावर चढला.

पहिला पट्टा सप्टेंबरात फिलेमोननं जिंकला, तिसऱ्या फेरीत, चानोलाच हरवून. चानोच्या मनात राग नव्हता. तो म्हणाला, आज चारशे माणसं शांत बसली होती, तू पाहिलंस का? कोणी आमच्यावर बियांची टरफलं फेकली नाहीत. फिलेमोनकडं पट्टा जवळजवळ दोन वर्षं राहिला. १९८३च्या मेमध्ये चानोनं तो घेतला. मग १९८६त मॉन्टेरेच्या एका पैलवानानं नेला. तो चर्चमधल्या सेवेकऱ्याचा पोशाख करून लढायचा आणि लोकांना फार आवडायचा. पाच महिन्यांनी चानो मॉन्टेरेला जाऊन पट्टा परत घेऊन आला. बसमध्ये मांडीवर घेऊन बसला होता, मागच्या बाईला वाटलं केक आहे. त्यानंतर सहा वर्षं तो आमच्या घरातून हलला नाही.

त्या सहा वर्षांत बरंच बदललं. आमच्यातले आठ-नऊ जण फक्त पट्ट्याच्या जोरावर पोस्टरवर आले. माझ्याकडं सुटणारी चड्डी शिवायला येणं बंद झालं. टोमणे मात्र चालूच होते. चानो रिंगमध्ये शिरला की वरच्या बाकांवरून कोणी तरी नेहमी ओरडायचं, अरे उभा राहा की! चानो कमरेवर हात ठेवून वर पाहायचा आणि शांतपणे म्हणायचा, "उभाच आहे. तू खाली वाक." आणि मग लोक त्या ओरडणाऱ्याला हसायचे. पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी घरी येऊन तो जेवलाच नाही, नुसता हसत बसला.

लोक मला अजून विचारतात की कुस्त्या ठरलेल्या असतात का? मी चानोचंच उत्तर देते. पाठ आपटते ती ठरलेली नसते.

आणि त्याची पाठच गेली. १९९०पासून त्याच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. आमच्यासारख्यांच्या मणक्यातली नळी जन्मतःच अरुंद असते, हे मला नंतर कळलं. घरापासून अलियान्सा बाजारापर्यंत दहा मिनिटांची वाट, पण त्याला तीन वेळा थांबावं लागे. थांबला की उकिडवा बसायचा आणि बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचा. वाकून बसलं की पायांत जीव यायचा. बाजारातली भाजीवाली म्हणायची, डोन्या एर्लिंदा, नवऱ्याला चांगल्या नाड्या घेऊन द्या. मी हसायची.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढून स्पष्ट सांगितलं की कुस्ती बंद. एक वाईट आपट बसली की पाय कायमचे जातील, आणि ती आपट पुढच्या रविवारी बसेल की पुढच्या वर्षी, ते कोणी सांगू शकत नाही. बाहेर पायऱ्यांवर चानोनं मला शपथ घालून सांगितलं की कमिशनच्या डॉक्टर बारासांना यातलं काही कळता कामा नये. परवाना गेला की पट्टा जाईल. मी म्हणाले, जाऊ दे.

"पट्टा गेला की आपण परत चड्डी सोडणारे," तो म्हणाला. "तुला काय, म्हातारे, तू मशीनवर बसलेली असतेस."

म्हातारे तो मला लग्नापासून म्हणायचा. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

मी डॉक्टर बारासांकडं जायचा विचार केला नाही असं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. पण परवाना काढून घेतला असता तर चानो गावोगावच्या जत्रांत विनापरवाना लढला असता, फळ्यांच्या रिंगमध्ये, जिथं खाली गादीसुद्धा नसते. तो मला सोडून गेला असता आणि पाय घालवून बसला असता. पट्टा त्याच्याकडून रिंगमध्येच जायला पाहिजे होता, पंचाच्या तीन थापांवर, तरच तो थांबला असता. आणि आमच्यातला कोणी त्याला हरवू शकत नव्हता. खरं सांगायचं तर ज्याच्याकडून चानोला हरवावं असं डॉन वेन्चोंना वाटेल, असा कोणी नव्हता.

मग आबुंदियो आला.

आबुंदियो गोमेस पालासियोचा, बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा. तो आमच्यासारखा नव्हता. हातपाय प्रमाणात, डोकं प्रमाणात, नुसता चणीनं लहान. अशांना आम्ही उंच बुटके म्हणायचो. तो दोरांवरून उडायचा, हवेत दोनदा फिरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं त्रोंपो, म्हणजे भोवरा. माझ्याकडं पहिल्यांदा पोशाख शिवायला आला तेव्हा अंगभर घट्ट पोशाख हवा म्हणून मी त्याची पूर्ण उंची घेतली. बरोबर दीडशे भरली. वहीत भोवरा काढला आणि पुढं आकडा लिहिला.

"थोडा जास्त असतो तर बायको मिळाली असती," तो म्हणाला. "थोडा कमी असतो तर तुमच्यात जागा मिळाली असती. मी म्हणजे बसच्या दाराशी लटकलेला माणूस, डोन्या एर्लिंदा."

मी त्याला सांगितलं की आमच्या पट्ट्याची हद्द दीडशेच आहे. मीच सांगितलं. माझ्या सांगण्यावरून तो डॉन वेन्चोंकडं गेला आणि दोन वर्षांत सगळ्या पोस्टरवर आला. लहान मुलं भोवऱ्याचे मुखवटे मागू लागली. मी शिवून शिवून थकले.

१९९२च्या ऑगस्टमध्ये डॉन वेन्चोंनी जाहीर केलं की ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ग्रिलो विरुद्ध त्रोंपो, पट्ट्यासाठी. ते जाहीर करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आम्ही सगळ्यांनी ओळखलं. पोरगा मापात बसला की पट्टा त्याचा. फिलेमोन तावातावानं कमिशनकडं गेला. हा माणूस बुटका नाही, हा आखूड आहे, असं त्यानं टेबलावर हात आपटून सांगितलं. डॉक्टर बारासांनी कागद काढला, वाचून दाखवला. दीडशे. बुटका म्हणजे काय ते कागदात नव्हतं, आकडा होता. मोजू, ते म्हणाले. कुस्तीच्या दिवशी दुपारी बारा वाजता, कमिशनच्या खोलीत. मोजणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा आबुंदियो म्हणाला की डोन्या एर्लिंदा मोजतील ते मला मान्य. आणि चानो म्हणाला, मलाही.

आता टेपचं सांगते. त्याच वसंतात माझ्या टेपवरचे आकडे पुसट झाले म्हणून मी बाजारातून नवी आणली होती. सवयीनं दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. टोकं जुळली नाहीत. जुनी टेप सेंटिमीटरभर पुढं गेली होती. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढली की ताणते, हे प्रत्येक शिंप्याला माहीत असतं आणि प्रत्येक जण विसरतो. माझे सगळे नमुने जुन्या टेपवर कापलेले होते, म्हणून नवी मी डब्यात टाकून दिली आणि जुनीच वापरत राहिले. बाही बाहीशी जुळत होती, तेवढं पुरे होतं.

पण कमिशनच्या कागदावरचे दीडशे हे जुनी टेप नवी असतानाचे. आबुंदियो माझ्या वहीत दीडशे होता, तो ताणलेल्या टेपनं. म्हणजे खरा तो एकशे एक्कावन्न होता. डब्यातली टेप काढली तर चानोचा पट्टा वाचत होता. गळ्यातली टेप लावली तर जात होता. हे जगात मला एकटीला माहीत होतं.

कुस्तीच्या आधीच्या गुरुवारी दुपारी जेवताना चानोनं विषय काढला. मी बीन्स आणि तोर्तिया वाढत होते. बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं, म्हणून दारंखिडक्या बंद. तो आनंदात होता.

"पोरगा हद्दीच्या वर आहे," तो म्हणाला. "माझा खांदा त्याच्या कमरेला लागतो, मला कळत नाही का? तू फक्त सरळ मोज. बाकी काही नको."

मी म्हटलं, बरं.

"आणि डोळे मोठे करू नकोस. आपल्याला त्याचं वाईट वाटतंय असं त्याला दिसता कामा नये. चांगला पोरगा आहे."

जेवण झाल्यावर तो उठला आणि दोन पावलांवर थांबला. खाली बसला. घरात कोणी नव्हतं, तरी त्याचा हात बुटाकडं गेला. पायात चप्पल होती, नाडी नव्हतीच. मी भांडी उचलली आणि आत गेले. मला वाटतं, माझं तिथंच ठरलं.

रविवारी बारा वाजता खोलीत आम्ही पाच जण होतो. डॉक्टर बारासा, डॉन वेन्चो, मुखवटा घातलेला चानो, मुखवटा घातलेला आबुंदियो आणि मी. फिलेमोनला आत घेतलं नव्हतं, तो दाराबाहेर उभा होता. आबुंदियोनं बूट आणि मोजे काढले. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बर्फाच्या कामानं त्याच्या पायांची बोटं लाल झालेली होती. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरलं, मी खोक्यावर चढून पुस्तकाखाली खडूनं रेघ मारली. तो बाजूला झाला.

मी गळ्यातली टेप काढली. खालचं टोक चानोनं स्वतः जमिनीवर अंगठ्यानं दाबून धरलं. वरचं टोक मी रेघेपाशी नेलं. पितळी टोक रेघेला टेकलं. बरोबर टेकलं.

डॉक्टरांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं.

"ही टेप जुनी दिसते, डोन्या एर्लिंदा. दुसरी आहे?"

"याच टेपनं नियम झाला होता, डॉक्टर," मी म्हणाले.

यातला शब्दन् शब्द खरा होता. आयुष्यात मी यापेक्षा मोठी लबाडी केलेली नाही.

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. डॉन वेन्चोंनी हात चोळले. चानो अजून खाली बसलेला होता, अंगठा टेपवर. मुखवट्याच्या भोकांतून त्याचे डोळे माझ्याकडं नाही, रेघेकडं होते. मग तो उठला, आबुंदियोपुढं हात केला आणि म्हणाला की संध्याकाळी भेटू.

कुस्ती पाच वाजता झाली. मी दोरांपासून तिसऱ्या रांगेत होते, शेजारी फिलेमोन. तो सगळा वेळ गुडघ्यावर टोपी चुरगळत होता. पहिली फेरी आबुंदियोनं घेतली, वरच्या दोरावरून उडी मारून. दुसरीत चानोनं त्याला जमिनीवर आणलं आणि वर उठूच दिलं नाही. पाय अडकवला, हात अडकवला, मान खाली दाबली. चानो इतका छान लढलेला मी पाहिला नव्हता. वरच्या बाकांवरचे लोक उभे राहिले होते, पण ओरडत नव्हते. आबुंदियोनं हार मानली तेव्हा त्यानं स्वतःच चानोचा हात धरून वर केला.

तिसऱ्या फेरीत आबुंदियो पुन्हा दोरावर चढला. चानो मधोमध उभा होता. मी डोळे मिटले नाहीत, एवढं मी स्वतःला कबूल केलं होतं. आबुंदियो आला, दोघं पडले, आवाज झाला. पंचानं तीन थापा मारल्या. मी फक्त चानोच्या पायांकडं पाहत होते. एक गुडघा वाकला. मग दुसरा. मग तो कुशीवर वळला आणि दोराला धरून उभा राहिला.

पट्टा त्यानं स्वतःच्या हातानं आबुंदियोच्या कमरेला बांधला. शेवटच्या भोकापर्यंत सैल करावा लागला. पैज पट्ट्याची होती, मुखवट्याची नव्हती, त्यामुळं तो मुखवट्यातच बाहेर पडला. गाडीत बसल्यावर म्हणाला, आता मला डाव शिकवायला कोणी बोलावलं तर बघू, लढणं संपलं. त्यानं दिलेला शब्द पाळला.

पट्ट्याचं पुढं काय झालं ते थोडक्यात. आबुंदियोनं तीन वर्षं सांभाळला आणि चांगला सांभाळला. त्याच्यानंतर दुसरा उंच बुटका आला, मग तिसरा. १९९६त डॉन वेन्चोंनी हद्द एकशे छप्पन करून घेतली, कारण दीडशेच्या आत उडणारे मिळेनात. आमच्या आठ-नऊ जणांची नावं पोस्टरवरून एकेक करून गेली. फिलेमोन पन्नाशीत परत बैलांच्या तांड्यात गेला. त्याची चड्डी शिवायला तो माझ्याकडंच आला. कमरेची नाडी कशी सैल ठेवायची ते मला सांगावं लागलं नाही. मी शिवली. तो चहा न घेता गेला, पण भांडला नाही, कारण मापाबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. त्यानं शंका घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

१९९८त मॉन्टेरेहून मासिकाचा एक माणूस आला. त्याला आजवरच्या सगळ्या विजेत्यांची यादी पाहिजे होती. चानोनं ओळीनं नावं, महिने, गावं सांगितली. तो माणूस जाता जाता म्हणाला, लोक म्हणतात त्रोंपो हद्दीच्या वर होता. चानो ताठ झाला.

"माझ्या बायकोनं मोजलाय तो," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं. लिहा तसं."

तो माणूस गेल्यावर मी मशीन बंद केलं आणि त्याला सगळं सांगितलं. दोन्ही टेपा काढून टेबलावर शेजारी ठेवल्या. त्यानं टोकांवरून बोट फिरवलं. मग विचारलं की त्या गुरुवारी जेवताना हे माहीत होतं का? मी हो म्हटलं. तो उठला, टोपी घेतली आणि साल्तियोला फिलेमोनकडं निघून गेला.

अकरा दिवस तो आला नाही. फिलेमोनच्या बायकोनं निरोप पाठवला की दोघं अंगणात बसतात, बोलत नाहीत, पत्ते खेळतात. बाराव्या दिवशी दुपारी तो दारात उभा राहिला. बसथांब्यापासून चालत आला होता, घामानं निथळलेला.

"फिलेमोनला सांगितलं मी," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"दोन दिवस पत्ते वाटले नाहीत. मग म्हणाला, तिच्या जागी माझी बायको असती तर तिनं टेप एक वीत ताणली असती." तो आत आला, खुर्चीवर बसला. "मी नाही तसं म्हणत. माझ्या मनातून ते गेलेलं नाही आणि जाणार नाही. नऊ माणसांचं काम होतं ते, एर्लिंदा, नुसतं माझं नाही."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"सतरा वर्षं मी रूदोंशी लढलो," तो म्हणाला. रूदो म्हणजे रिंगमध्ये लबाडीनं लढणारे. "पंचाच्या पाठीमागं बोटं पिरगाळणारे, डोळ्यांत मीठ टाकणारे. आणि सगळ्यांचा गुरू माझ्या घरात मशीन चालवत होता."

"जेवणार का?" मी विचारलं.

"मीठ तू घालू नकोस," तो म्हणाला. "मी घालून घेईन."

त्या दिवसापासून त्यानं मला म्हातारे म्हणणं सोडलं. रूदा म्हणायचा. रूदा, पाणी दे. रूदा, दार लाव. कधी प्रेमानं, कधी नाही. कोणत्या वेळी काय, ते मला ओळखता यायचं. मी पन्नाशीची होते तेव्हा, त्याच हिवाळ्यात चर्चच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले. तोही अधूनमधून मला सोडायला यायचा, सहा गल्ल्या, सावकाश, वाटेत एक-दोनदा बसून.

फिलेमोन १९ जून २००१ रोजी साल्तियोला त्याच्या घरी वारला. आबुंदियो अजून आहे, गोमेस पालासियोत नातवंडांना कुस्ती शिकवतो. पट्टा कुठं आहे ते मला माहीत नाही. चानोला शेवटी फुप्फुसांनी दगा दिला. आदल्या शनिवारपर्यंत तो आपल्या पायांनी बाजारात जात होता. माझा नवरा फेलिसियानो मंगळवारी, १३ फेब्रुवारी २००७ रोजी सकाळी वारला. वय साठ.